रावपुऱ्यातलं बंद थिएटर : कागद नाहीत, कॅबिन आहे. वय काढता येईल?

मांडवीवरून (धागा)

बडोद्यात रावपुऱ्याच्या आतल्या बाजूला एक थिएटर बरीच वर्षं कुलूपबंद आहे. वाटण्यांचं प्रकरण चालू असल्यामुळे इमारतीचं नाव देत नाही. परवाना, नकाशा, हिशेबाच्या वह्या, काहीच शिल्लक नाही. मोजमापं मात्र फीत लावून घेतली आहेत.

कॅबिन (सिनेमाचं मशीन ठेवायची खोली) आतून ९ बाय ७ फूट, वर पत्रा. प्रेक्षागृहाकडच्या भिंतीत पाच भोकं. त्यांतल्या तिघांचा मध्य जमिनीपासून ३ फूट १० इंचांवर आणि कडा चुन्याच्या. उरलेली दोन सिमेंटच्या कडांची, मध्य ४ फूट ५ इंचांवर. जुन्या तिघांपैकी एकाची वरची कड फोडून उंच केलेली दिसते.

कॅबिनपासून रंगमंचाच्या कमानीपर्यंत ७८ फूट. कमानीमागे रंगमंच आणखी १८ फूट खोल. त्याच्या मागच्या भिंतीवर चुन्याचा पांढरा आयत, भोवती डांबरासारखी काळी पट्टी. आयत १२ फूट ११ इंच रुंद, ९ फूट ८ इंच उंच. कमानीत एक लाकडी चौकटही आहे, १४ फूट ४ इंच बाय १० फूट ५ इंच.

बाकी फुटकळ : मागच्या बोळात चार बोल्टांचा दगडी चौथरा, कॅबिनबाहेरच्या भिंतीवर गुंडाळलेल्या तारांची चार फुटी लोखंडी चौकट, बाजूच्या खोलीतल्या एका कोपऱ्यात खाल्ल्यासारखी खडबडीत झालेली फरशी, प्रेक्षागृहाच्या दोन्ही भिंतींवर दोन-दोन फुटांवर खिळ्यांच्या रांगा.

गल्लीत ऐकू येणाऱ्या गोष्टी अशा : 'राजा हरिश्चंद्र' पहिल्यांदा इथेच लागला, आणि तिकीट बाबाशाही दोन आणे होतं. यातलं किती धरायचं?

अर्धा_आणा

दोन्ही सोडा.

'राजा हरिश्चंद्र'चा पहिला जाहीर खेळ ३ मे १९१३ ला मुंबईत, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये झाला. बडोद्याचं फाळक्यांशी नातं आहे, पण ते इथल्या कलाभवन या कलाशाळेचं. चित्रकला, फोटोग्राफी, मूर्तिकाम हे त्यांनी इथे हाताखालून घातलं. ते नातं गल्लोगल्ली 'पहिला खेळ' होऊन बसलंय.

बाबाशाही नाणं १९०१ च्या सुमारास चलनातून गेलं आणि इंग्रजी रुपया आला. कायम बांधणीचं सिनेमागृह त्यानंतरचं. तिकीट दोन आणे असेलही, पण ते कलदार, म्हणजे इंग्रजी.

कार्बनकाडी

मोजमापं झकास घेतली आहेत. भोकांपासून सुरुवात करू.

एका मशीनला दोन भोकं लागतात, एक प्रकाशाचं आणि एक ऑपरेटरला पडदा बघायला. तिसरं स्लाइडच्या कंदिलाचं. म्हणजे चुन्याच्या कडांची तीन भोकं सांगतात की सुरुवातीला मशीन एकच होतं. एका मशीनवर १,००० फुटांचं रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं रीळ चढवायचं. त्या दोन-तीन मिनिटांत पेढीवाल्यांच्या, साबणवाल्यांच्या काचेच्या स्लाइडा दाखवायच्या. म्हणून कंदील.

सिमेंटची दोन भोकं दुसऱ्या मशीनची. ती सात इंच वर का? बोलपटासाठी मशीनच्या डोक्याखाली साउंड हेड, म्हणजे फिल्मवरचा ध्वनी वाचणारा भाग, बसवतात. डोकं वर उचललं जातं, त्याबरोबर भिंगही. जुन्या भोकाची वरची कड फोडलीय ती त्यामुळेच : जुनं मशीनही त्याच वेळी उंच झालं. कॅबिनमध्ये दोन पिढ्या दिसताहेत, मूकपटाची आणि बोलपटाची. मधली भिंत तीच.

दांडियाबाजार_जुना

१८ फूट खोल रंगमंच सिनेमासाठी कुणी बांधत नाही. हे आधी नाटकगृह असणार. बडोद्याला संगीत नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडायचे, त्यांना विंगा आणि मागे पडदे उचलायला जागा लागायची. कमानीच्या वर आत वाकून बघा, आडव्या तुळयांना दोरखंडाच्या घासण्याने चर पडलेत का. आणि रंगमंचाची जमीन प्रेक्षकांकडे किंचित उतरती आहे का, तेही. पाणसळीची नळी लावली की कळेल.

मांडवीवरून

@दांडियाबाजार_जुना, दोन तुळयांना चर आहेत. उतार १८ फुटांत साडेचार इंच.

दांडियाबाजार_जुना

मग नाटकगृहच. फुटाला पाव इंच. अशा उतारावर कपाटाखाली पाचर लावावी लागते.

फूटपट्टी

आकडे दिलेत तर गणित करून टाकतो. चित्राची रुंदी = अंतर × गेटची रुंदी ÷ भिंगाचं नाभीय अंतर.

गेट म्हणजे मशीनमधली चौकोनी खिडकी, जिच्यासमोर फिल्मची एकेक चौकट येते. मूकपटाच्या गेटची रुंदी ०.९०६ इंच. मागच्या भिंतीपर्यंत अंतर ७८ + १८ = ९६ फूट. पावणेसात इंची भिंग धरलं तर ९६ × ०.९०६ ÷ ६.७५ = १२.८९ फूट. तुमचा आयत १२ फूट ११ इंच! उंची त्याच्या पाऊणपट, ९ फूट ८ इंच. दोन्ही बसतात. चुन्याचा आयत हाच मूकपटाचा पडदा, थेट भिंतीवर रंगवलेला. काळी पट्टी चित्राच्या थरथरत्या कडा गिळायला.

आता लाकडी चौकट. रुंदी भागिले उंची केली की १.३७६. बोलपटात फिल्मच्या एका बाजूची पट्टी ध्वनीने खाल्ली. चित्र चौरसासारखं झालं, म्हणून १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकॅडमीने १.३७ हे प्रमाण ठरवलं, गेट ०.८२५ बाय ०.६०० इंच. अंतर ७८ फूट, साडेचार इंची भिंग : ७८ × ०.८२५ ÷ ४.५ = १४.३ फूट. बसलं.

म्हणजे ही चौकट १९३२ च्या आधीची नाही. किती नंतरची, ते यातून निघत नाही.

सूरसागर_काठ

पडदा १८ फूट पुढे का आणला? चित्र थोडं मोठं करायचं तर भिंग बदलून मागच्या भिंतीवरही झालं असतं.

लूप_गेला

आवाजासाठी. कर्णा पडद्याच्या मागे, साधारण दोन तृतीयांश उंचीवर ठेवावा लागतो, नाहीतर नट बोलतो मधोमध आणि आवाज येतो बाजूच्या विंगेतून. भिंतीवर रंगवलेल्या पडद्यामागे कर्णा ठेवणार कुठे? म्हणून कमानीत चौकट ठोकून बारीक भोकांचा कापडी पडदा ताणला आणि रिकामा रंगमंच कर्ण्याला दिला.

त्यात एक फसगत असते. मागची १८ फुटांची पोकळी घुमते. कर्ण्याच्या पाठीमागून निघालेला आवाज मागच्या भिंतीवर आपटून उशिरा बाहेर येतो आणि संवाद जाड होतात. उपाय म्हणून कर्ण्यामागे रजया, गोणपाट, जाड पडदे टांगत. तुमच्या खिळ्यांच्या रांगाही त्याच कामाच्या असणार. नाटकगृहाला घुमारा हवा असतो, गाणाऱ्या नटाचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायला. बोलपटाला तोच घुमारा नको असतो. म्हणून भिंतींना गोणपाट. खिळ्यांना तागाचे धागे चिकटलेत का बघा.

आणि फरशी खाल्लेला कोपरा? ती बॅटरीची खोली. सुरुवातीच्या ध्वनियंत्रांत एक्सायटर दिवा (फिल्मवरच्या ध्वनिपट्टीवर उजेड टाकणारा) आणि व्हॉल्व्हच्या तारा साठवणीच्या बॅटरीवर चालवत. एक्सायटर दिवा ५० सायकलच्या एसीवर लावला तर त्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, फोटोसेल (त्या उजेडाची वीज करणारा) तेच 'ऐकतो' आणि सबंध खेळभर गुंऽऽ असा आवाज. आम्ल सांडून फरशी खाल्ली गेली. पुढे एसीची डीसी करणारे रेक्टिफायर आले आणि बॅटऱ्या गेल्या. म्हणजे तुमचं थिएटर बोलपटात लवकर उतरलेलं. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, मराठी 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. त्या दशकात कधीतरी.

नवखा_पण_उत्सुक

काका, एक बाळबोध प्रश्न. जुन्या मूकपटाच्या मशीनला नुसतं साउंड हेड जोडलं की झालं का?

लूप_गेला

तिथेच बहुतेकांचं घोडं अडायचं.

गेटमध्ये फिल्म सरळ धावत नाही. एक चौकट थांबते, दिसते, झटक्यात खाली सरकते, पुन्हा थांबते. हे माल्टीज क्रॉस करतो : चार खाचांचं चक्र, त्यात फिरणारी एक खुंटी. खुंटीच्या एका फेऱ्यात चक्र पाव फेरा फिरतं आणि त्याच्या दांड्यावरचं १६ दात्यांचं स्प्रॉकेट फिल्म बरोबर चार छिद्रं, म्हणजे एक चौकट खाली ओढतं. आवाज मात्र अखंड वाहायला हवा. म्हणून ध्वनी वाचायची जागा गेटच्या खाली, २० चौकटी पुढे ठेवली, आणि मधे ढिला लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा. लूपने झटके खायचे, खाली जड गतिचक्राच्या ड्रमवरून फिल्म गुळगुळीत जायची.

लूप दोन-तीन चौकटींनी लहान-मोठा झाला की ओठ आणि शब्द फारकत घेतात. २० चौकटी म्हणजे सेकंदाचे पाच षष्ठांश, तेव्हा एकेक चौकट मोजून भरावी लागते. लूप पूर्ण तुटला तर चित्र उड्या मारतं आणि छिद्रं फाटतात.

दुसरं म्हणजे वेग. मूकपट सेकंदाला १६ चौकटींच्या आसपास चालायचा, मिनिटाला ६० फूट. ऑपरेटर हाताने फिरवायचा, शेवटचा खेळ लवकर उरकायचा असेल तर जोरात. कुणी ओरडायचं नाही. बोलपटाला सेकंदाला २४, मिनिटाला ९० फूट, आणि तेही पक्कं. जरा कमी झालं की गाण्याचा सूर उतरतो, आणि बडोद्यासारख्या गावात ते लगेच ओळखायचे (फैयाज खाँसाहेब दरबारात गायचे, इथल्या कानांना सूर कळायचा). म्हणजे मोटर हवीच. झिजलेल्या दात्यांचं मशीन २४ वर नेलं की आवाज थरथरतो, शेळी ओरडल्यासारखा. मूकपटात ही झीज कुणाला दिसलीही नसती.

फूटपट्टी

वेगावरून आठवलं. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा, चार रिळं. आज लांबी ४० मिनिटांची सांगतात. ३,७०० ÷ ९० = ४१, म्हणजे तो हिशेब २४ च्या वेगाचा आहे. १६ ने चालवला तर तास उलटून जातो. वर तीन वेळा रीळ बदलायला थांबणं. जुन्या जाहिरातीतल्या खेळाच्या वेळा वाचताना हे धरा.

कार्बनकाडी

आता वीज. मागच्या बोळातला चौथरा ऑइल इंजिनाचा. शेजारी डायनॅमो, मधे पट्टा. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर स्फोट १५० होतात, सेकंदाला अडीच. गतिचक्र हलकं असेल तर त्या तालावर पडद्यावरचा उजेड श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. म्हणून अशा इंजिनांना माणसाच्या छातीएवढी चाकं असायची.

लोखंडी चौकट म्हणजे रेझिस्टन्स. मशीनच्या दिव्यातल्या आर्कला (कार्बनच्या दोन काड्यांमधल्या विजेच्या ज्योतीला) साधारण ५५ व्होल्ट डीसी लागतो. घरचा डायनॅमो ७० व्होल्टचा असेल तर जाळायला १५ व्होल्टच उरतात, ते हातभर चौकटीत भागतं. तुमची चार फुटी आहे. म्हणजे मधे कधीतरी इंजिन बंद करून बाहेरची २२० व्होल्टची डीसी घेतली असावी. ३० अँपिअरला आर्क खातो १,६५० वॉट आणि उरलेले १६५ व्होल्ट गुणिले ३०, म्हणजे ४,९५० वॉट ही चौकट नुसती तापवते. तिप्पट वीज भिंतीला! म्हणून ती कॅबिनच्या बाहेर.

कार्बनच्या काड्या धरणारे जबडे सापडले का? कॅलिपर लावून व्यास कळवा.

मांडवीवरून

दोन जोड आहेत. एकाचे जबडे १२ आणि ८ मिमीचे, दुसऱ्याचे ७ आणि ६.

कार्बनकाडी

वा! पहिला जोड साध्या आर्कचा. धन कार्बन १२ मिमी, आत मऊ गाभा, ऋण ८ मिमी. धन टोकाला खळगा पडतो आणि खरा प्रकाश त्या खळग्यातून येतो, ज्वाळेतून नाही. धन काडी लवकर झिजते म्हणून ती जाड, दोघी साधारण बरोबरीने आखूड व्हाव्यात यासाठी. दर दोन-तीन मिनिटांनी मुठी फिरवून अंतर राखायचं. अंतर वाढलं की आर्क सुस्कारत विझतो; कमी झालं की ऋण टोकावर बोंडासारखी गाठ धरते आणि पडद्याच्या मधोमध सावली येते. धन काडी तिरकी बसली तर खळगा तोंड फिरवतो आणि पडद्याची एक बाजू पिवळी पडते. दिव्याच्या पेटीला बारीक भोक असतं, त्यातून आर्कची उलटी प्रतिमा बाहेरच्या पुठ्ठ्यावर पडते. पुठ्ठ्यावर दोन रेघा ओढलेल्या असतात आणि टोकं त्या रेघांवर ठेवायची. पेटीच्या कुशीला असा करपलेला पुठ्ठा किंवा पत्रा आहे का बघा.

७ आणि ६ मिमीचा जोड तांब्याचा मुलामा दिलेल्या बारीक काड्यांचा, ४०-५० अँपिअरचा. उजेड कितीतरी पांढरा. तो १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. तुमची क्रमवारी जुळत चाललीय.

अर्धा_आणा

कागद कुठे शोधावेत यावर थोडं.

१९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा. १९२० मध्ये सेन्सॉर बोर्डं बसली ती मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगूनला. बडोदा संस्थान, त्यामुळे मुंबई इलाख्याच्या दप्तरात या थिएटरचा परवाना शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात आपली किल्ली शोधणं. संस्थानची 'आज्ञापत्रिका' बघा, ती गुजरातीत आहे. जाहिरातींसाठी 'सयाजीविजय' आणि १९१७ पासूनची 'जागृति'. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हापासून मुंबईचे नियम आणि करमणूक कर. त्या वेळचे तपासणी अहवाल जिल्हा कचेरीत निघण्याची शक्यता जास्त, कारण नव्या राज्याच्या परवान्यासाठी इमारत पुन्हा दाखवावी लागली असणार.

अवांतर, पण बडोद्याचं खास : सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून वाचनालयं उभी केली. त्याच खात्याची एक दृश्यशिक्षण शाखा होती, ती मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचं यंत्र घेऊन खेड्यापाड्यांत फुकट खेळ दाखवायची. म्हणून दप्तरात 'सिनेमा' शब्द सापडला की लगेच थिएटर समजू नका. ग्रंथालय खात्याची बैलगाडी असू शकते.

सूरसागर_काठ

कॅबिनचं दार कुठे उघडतं? जिन्याखाली डबे वगैरे?

मांडवीवरून

दार बाहेर उघडतं, आतून पत्रा ठोकलेला. भोकांवर लोखंडी झडपा आहेत, दोरी कुजलेली. जिन्याखाली सात गंजके गोल डबे, दहा इंच व्यासाचे. उघडले नाहीत.

लूप_गेला

डबे उघडू नका. बाकी सगळं नंतर.

दहा इंची डबा म्हणजे १,००० फुटांचं रीळ. १९५१ च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते. तिच्यात जळायला लागणारा ऑक्सिजन तिचाच असतो, म्हणून पाण्याखालीही जळते, वाळू टाकून विझत नाही आणि धूर विषारी. ताजी एकवेळ परवडली. कुजलेली फार कमी तापमानाला पेट घेते, बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ती वेळ येऊ शकते. कुजण्याच्या पायऱ्या : चित्र पिवळट होऊन विरतं, मग फिल्म चिकट, मग मधासारखे फुगे आणि आंबूस वास, शेवटी तपकिरी भुकटी.

करायचं ते असं : डबे न ठोकता, न खरवडता सावलीत, हवेशीर, लाकडी सामानापासून दूर ठेवा, एकावर एक नकोत. जवळ विडी-सिगारेट नाही, वेल्डिंग नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी फोटो पाठवा. कुरिअरने किंवा एसटीने डबे पाठवू नका. 'जरासा तुकडा जाळून बघतो' असं कुणी म्हणालं तर त्याला घरी पाठवा.

झडपा त्याचसाठी होत्या. दोरी मशीनवरून नेलेली असते आणि मधे लवकर वितळणारी कडी. गेटमध्ये फिल्म अडकली, आर्कची उष्णता एकाच चौकटीवर बसली की सेकंदा-दोन सेकंदांत पेट. कडी वितळली की पाचही झडपा एकदम पडायच्या, प्रेक्षकांना ज्वाळा दिसू नये म्हणून. थिएटरमध्ये माणसं आगीपेक्षा दारातल्या चेंगराचेंगरीत जास्त जायची.

नवखा_पण_उत्सुक

मग पेट घेतलेली फिल्म पुढे कशी चालवायची?

लूप_गेला

जळका भाग कापायचा, दोन्ही टोकं छिद्राच्या रेषेत नीट छाटायची. एका टोकावरचं इमल्शन (चित्राचा थर) ओलं करून पात्याने अरुंद पट्टीभर खरवडायचं, अगदी पारदर्शक होईपर्यंत. तिथे फिल्म-सिमेंटचा (फिल्म जोडायच्या चिकट द्रावाचा) एकच हात, छिद्रावर छिद्र बसवून दहा-पंधरा सेकंद दाब. इमल्शन राहिलं तर जोड गेटमध्येच सुटतो. सिमेंट जास्त झालं तर जोड वाकडा वाळतो आणि मशीनमधून जाताना टक् वाजतो. बोलपटात जोडावर काळ्या शाईचा त्रिकोण काढायचे, नाहीतर कर्ण्यातून फट्.

फूटपट्टी

@मांडवीवरून, एक माप राहिलंय. लाकडी चौकटीच्या दोन्ही अंगांना नंतर जोडलेल्या फळ्या किंवा कमानीच्या खांबांवर तासल्याच्या खुणा आहेत का? 'कागज के फूल' १९५९ चा, आपला पहिला सिनेमास्कोप. त्यानंतर रुंद पडद्यासाठी नाटकगृहांच्या कमानी कापल्या गेल्या. तुमच्याकडे कमान शाबूत असेल तर या थिएटरने स्कोप एकतर घेतला नाही, किंवा वरखाली काळी पट्टी लावून आखूड करून दाखवला.

मांडवीवरून

कमान शाबूत. पण चौकटीच्या वरच्या फळीखाली, कडेपासून सव्वादोन फुटांवर, दोन आकडे (हूक) आहेत. खालच्या बाजूलाही तसेच दोन.

फूटपट्टी

म्हणजे वर सव्वादोन, खाली सव्वादोन. १० फूट ५ इंचांतून साडेचार फूट गेले, उरले ५ फूट ११. आता १४ फूट ४ इंच भागिले ५ फूट ११ करा : २.४२. स्कोपचं प्रमाण २.३५. घेतला होता, आखूड करून. आकड्यांमध्ये काळ्या कापडाचे धागे अडकलेत का, तेवढं विजेरी मारून बघा. आणि आकडे मोजताना फळीच्या बाहेरच्या कडेपासून मोजलंत की आतल्या, ते कळवा. इंचभराचा फरक तिथेच असेल.